लग्नाचं कर्ज, जन्माची चाकरी

वारल्याच्या घरात लग्न ठरलं की पहिला हिशेब देजाचा. मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, वऱ्हाडाची ताडी, भात, नवरीचं लुगडं. खर्च काही फार मोठा नसे. पण उंबरगाव, डहाणू, पालघर या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आदिवासी घरात रोख पैसा असा नसायचाच. मजुरी मिळाली तर धान्यात, आणि पावसाळ्यात खाल्लेल्या खावटीच्या फेडीत तेही निघून जायचं. रोकड एकाच दारी मिळे, जमीनदाराच्या. तो पैसे मोजून देई, लग्न पार पडे आणि नवरामुलगा त्याच्या वाड्यावर कामाला येई. त्याचं नाव पडे लग्नगडी.

या व्यवहाराची गोम व्याजात होती. गड्याची सगळी मेहनत कर्जाच्या व्याजापोटी धरली जायची, त्यामुळे मुद्दल जागच्या जागी राही. नांगरणी, गवतकापणी, गुरं, लाकूडफाटा, धन्याच्या घरची पडेल ती कामं. बदल्यात पोटापुरता भात नि अंगावर चिंधी. नवऱ्याबरोबर बायकोही राबे, आणि तिच्यावर धन्याचा, त्याच्या कारभाऱ्याचा आणखी कोणता हक्क चाले हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. मुलं मोठी झाली की गुरांमागे जात. त्यांच्या लग्नाला पुन्हा तेच दार.

कायदा मात्र या सगळ्या काळात जागेवर होता. भारतात गुलामीविरुद्धचा कायदा १८४३ सालचा. माणसावरची मालकी कोणतंही न्यायालय मानणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेने पुढचं पाऊल टाकलं: गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला आणि कलम ३७४ खाली कुणाकडून बळजबरीने काम करून घेणाऱ्याला एक वर्षाची कैद सांगितली. पण लग्नगड्याला कुणी विकत घेतलेलं नव्हतं. तो आपल्या पायांनी आला होता, कर्ज मागून घेतलं होतं, ते फेडलं की मोकळा होता. कंपनी सरकार असो की राणीचं सरकार, कर्ज आणि करार या दोन गोष्टींना हात लावायची त्यांची तयारी नव्हती. उलट १८५९ साली असा कायदा आला की, आगाऊ पैसे घेऊन कामगार कामावर आला नाही तर दंडाधिकारी त्याला पैसे परत करायचा किंवा काम करायचा हुकूम देई आणि हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात धाडी. म्हणजे धन्याने मजुरी बुडवली तर दिवाणी दावा, मजुराने काम सोडलं तर फौजदारी. हा कायदा १९२६ मध्ये रद्द होईपर्यंत जवळजवळ सात दशकं टिकला.

गुलामी बेकायदा आणि कर्ज मात्र कायदेशीर, ही सगळ्या गुंत्याची गाठ होती. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या सुधारणा कुठे फसल्या आणि कुठे लागू पडल्या हे पाहायचं, तर ही गाठ कुणी सोडवली आणि कुणी तिला बगल दिली एवढंच पाहावं.

बगल देणारेच जास्त. बिहार-ओरिसा प्रांतात १९२० साली कमियौती करारांचा कायदा झाला. तिथले कमिया म्हणजे आपले लग्नगडीच. कायद्याने चाकरी बंद केली नाही, तिचे नियम ठरवले: करार कागदावर हवा, मुदत वर्षापेक्षा जास्त नको, मोबदला रास्त हवा. निरक्षर कमियाने मालकाकडे कराराची नक्कल मागावी, अशी ती अपेक्षा होती. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. इकडे शेजारच्या सुरत जिल्ह्यात हाळी पद्धत होती, तीही लग्नाच्या कर्जातूनच सुरू होणारी. १९३९ च्या जानेवारीत बारडोलीला मोठ्या थाटात हाळींच्या मुक्तीची घोषणा झाली. जमीनदारांनी रोज ठरवून द्यायचा, पण त्या रोजातला एक हिस्सा जुन्या कर्जापोटी कापून घ्यायचा, अशी ती तडजोड होती. कर्ज जिवंत ठेवून दिलेली ही मुक्ती टिकली नाही. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात त्या भागात गेले तेव्हा हाळी पद्धत मोडत आली होती खरी, पण कारणं वेगळी होती. जमीनदारांनाच आता वर्षभर गडी पोसणं परवडेनासं झालं होतं.

वारल्यांच्या जमिनी मुळात गेल्या कशा, हेही इथेच सांगायला हवं. इंग्रजी मोजणीनंतर सारा रोखीत भरावा लागू लागला. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव झालं, त्याच सुमाराला अबकारी कायद्याने घरची दारू आणि झाडावरची ताडी सरकारी महसुलाखाली आली. रोखीची गरज वाढली आणि रोख मिळण्याच्या वाटा बंद झाल्या. मग पारशी, मारवाडी, ब्राह्मण, मुसलमान, सगळ्या जातीधर्मांचे सावकार आणि दारूचे मक्तेदार आले. दोनेक पिढ्यांत शेताचा मालक त्याच शेतावर कूळ झाला आणि कुळाचा मुलगा गडी. घाटावरच्या कुणब्यांवरही सावकारी पाश होताच, पण १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची दप्तरं ओढून बाहेर काढली आणि खतं जाळली. सरकार हादरलं, चार वर्षांत शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. मात्र तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या दंग्याच्या मुलखापुरता. वारल्याकडे जाळायला खतही नव्हतं. त्याचं कर्ज तोंडी, आकडा धन्याच्या वहीत, आणि वही धन्याच्या घरात.

१९३७ साली बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आलं. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला नेमण्यात आलं. त्याचा अहवाल १९३९ मध्ये छापून निघाला आणि लग्नगडी ही गोष्ट सरकारी कागदावर स्वच्छ नोंदली गेली. साहेब लोकांच्या अहवालांत सहसा दिसतो त्यापेक्षा याचा सूर बराच कडक होता. मग महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, अहवाल कपाटात गेला.

पुढचा अध्याय कपाटाबाहेरचा आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगावकडचे काही वारली आले आणि त्यांनी आपल्याकडची वेठ कशी असते ते सांगितलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यानंतर त्या भागात गेले. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या, सुखवस्तू गोखले घराण्यातल्या, स्वतः कायद्याच्या पदवीधर. भारत सेवक समाजात सदस्य म्हणून घेतल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. वारल्यांच्या पाड्यांवर त्या चालत हिंडल्या. २३ मे १९४५ रोजी झरीला परिषद भरली, काही हजार वारली जमले. ठराव साधे होते. जमीनदाराच्या शेतावर फुकट वेठ करायची नाही. मजुरी रोख घ्यायची. आणि जिथे जिथे लग्नगडी आहेत तिथे जाऊन त्यांना सोडवून आणायचं.

हे शेवटचं वाक्य लोकांनी शब्दशः घेतलं. लाल बावटा घेऊन टोळ्याच्या टोळ्या वाड्यांवर गेल्या आणि गड्यांना, त्यांच्या बायकामुलांना बोलावून घेऊन आल्या. कर्जाचा हिशेब कुणी मागितला नाही, दिला नाही. काही आठवड्यांत उंबरगाव-डहाणूकडची लग्नगडी पद्धत कोसळली. कायद्याच्या पदवीधर बाईंनी न्यायालयाची पायरी चढायचा विचारही केला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. कोर्टात गेलं असतं तर पहिला प्रश्न कर्ज किती, दुसरा फेडलं किती.

जमीनदारही स्वस्थ बसले नाहीत. त्या वर्षी गवतकापणीच्या मजुरीवरून संप पेटला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले असताना पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. पुढच्या वर्षी काँग्रेस सरकार परत आलं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं, आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. झरी महाराष्ट्रात राहिली, तलासरी तालुक्यात.

देशावरच्या वेठीची जात वेगळी होती, तीही ओझरती पाहू. तिथे महारांना बांधणारी गोष्ट कर्ज नसून वतन होतं. इनामाच्या तुटपुंज्या जमिनीपोटी सरकारी कागद पोचवण्यापासून मेलेली गुरं ओढण्यापर्यंत रात्रीबेरात्री राबायचं, आणि हे जन्माने. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ते पार पडलं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी.

राज्यघटनेत मात्र वेठीचा उल्लेख नावानिशी आला. अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीचं श्रम यांना मनाई केली. अनुच्छेद ३५ ने सांगितलं की यासाठी शिक्षा ठरवणारा कायदा करायचा अधिकार फक्त संसदेला आहे, राज्यांना नाही, आणि संसदेने तो शक्य तितक्या लवकर करावा. ही लवकर करण्याची गोष्ट व्हायला पंचवीस वर्षं लागली. मध्यंतरी भारताने १९५४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार मान्य केला. राजस्थानने १९६१ मध्ये आपल्याकडच्या सागडी पद्धतीविरुद्ध कायदा केला. पण देशभराचा कायदा नव्हता. तो आला आणीबाणीत.

१ जुलै १९७५ ला इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला, त्यात वेठबिगारीच्या उच्चाटनाचं कलम होतं. २५ ऑक्टोबरपासून अध्यादेश लागू झाला आणि १९७६ च्या फेब्रुवारीत त्याचा कायदा झाला. ज्या काळात नागरिकांचे मूलभूत हक्क गुंडाळून ठेवलेले होते त्याच काळात घटनेतला एक मूलभूत हक्क पहिल्यांदा अंमलात आणणारा कायदा झाला. आणीबाणीच्या समर्थकांनी तो मिरवला, विरोधकांनी त्याकडे काणाडोळा केला, आणि दोन्ही बाजूंनी तो नीट वाचला नसावा असंच वाटतं. कारण वाचला असता तर त्यातली खरी उलथापालथ नजरेत भरली असती.

ती कलम ६ मध्ये आहे. वेठीच्या बदल्यातलं कर्ज फेडण्याची जबाबदारी संपली. कमी झाली नाही, हप्त्यांवर गेली नाही, संपली. कलम ५ ने अशा कर्जाचे सगळे करार, तोंडी असोत की लेखी, निरर्थक ठरवले. गहाण पडलेली मालमत्ता परत करायची, धन्याच्या जागेत झोपडी असेल तर मुक्त झालेल्या माणसाला तिथून हुसकायचं नाही, आणि संपलेल्या कर्जापोटी कुणी एक रुपया जरी स्वीकारला तरी त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद. सगळ्यात धारदार कलम १५: हे कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. १८४३ पासून जी गाठ सगळे चुकवत आले होते ती इथे कापली गेली.

करारही मजुराने दाखवायला नको. अमुक अमुक रूढींत तो असतोच असं धरून चालावं, म्हणून कायद्याने देशभरच्या पद्धतींची यादीच दिली: हाळी, कमिया, सागडी, जीता, वेट्टी अशी तीसेक नावं. सुरतेचे हाळी त्यात आहेत, सीमेपलीकडचे लग्नगडी नाहीत. व्याख्या पुरेशी रुंद असल्याने कायद्याच्या दृष्टीने त्याने काही अडत नाही. तरीही तलवाड्यानंतर तीसच वर्षांनी मसुदा करणाऱ्यांना हे नाव आठवू नये, याचं नवल वाटतं.

कायदा झाला आणि मोजदाद सुरू झाली. गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्थेने १९७८-७९ मध्ये दहा राज्यांची पाहणी करून वेठबिगारांचा आकडा काढला २६ लाख १७ हजार. राष्ट्रीय नमुना पाहणीने सोळा राज्यांत काढला ३ लाख ४३ हजार. सरकारांना अर्थातच दुसरा जास्त आवडला, आणि कित्येक राज्यांना तोही जास्त वाटला. वेठबिगार आहे असं कबूल करायचं म्हणजे जिल्हाधिकाऱ्याने आपलंच अपयश लिहून द्यायचं. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने सावकारावर टाकली होती, पण तहसीलदार चौकशीला आला की मजुरालाच विचारी: कर्ज घेतल्याचा पुरावा काय?

ही खोच सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढली. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात न्या. भगवतींनी सक्तीचा अर्थच वाढवला. भूक आणि गरिबी हीही सक्ती आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी राबत असेल तर ते सक्तीचं श्रम. पुढच्या वर्षी, १६ डिसेंबर १९८३ ला, फरिदाबादच्या दगडखाणींवरून बंधुआ मुक्ती मोर्चाने केलेल्या याचिकेत त्यांनी सांगितलं की, मजुराकडून सक्तीने काम घेतलं जातंय असं दिसलं की त्यामागे काही उचल किंवा मोबदला आहे असंच सरकारने धरून चालावं. मजुराने कर्ज शाबीत करायची गरज नाही. १९८४ च्या एका निकालात त्याच खाणींतून सुटलेल्या आणि छत्तीसगड भागातल्या आपल्या गावी परतलेल्या मजुरांची हकिगत आली. सुटका होऊन महिने लोटले तरी पुनर्वसनाचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. नुसतं सोडवणं पुरेसं नाही, सोडवून वाऱ्यावर टाकलेला माणूस त्याच खाणीवर परत जातो, असं न्यायालयाने सरकारला बजावलं. १९७८ च्या योजनेत पुनर्वसनाची रक्कम होती ४,००० रुपये. २०१६ पासून ती पुरुषासाठी एक लाख, स्त्रिया व मुलांसाठी दोन लाख, आणि अतिशय वाईट शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख झाली. मात्र पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. आपल्याकडे खटले किती वर्षं चालतात हे माहीत असणाऱ्याला ही अट काय करते ते कळेल.

ठाणे जिल्ह्यात लाल बावट्याचा जोर डहाणू-तलासरीकडे होता. जिल्ह्याच्या दक्षिणेला, मुंबईच्या वेशीवर, वसई तालुक्यात लग्नगडी १९८० नंतरही सापडत होते. १९७९ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद ही संस्था काढली आणि दहिसर गावात काम सुरू केलं. १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. झरीच्या लोकांनी कायद्याविना जे केलं, ते इथे कायद्याच्या अंगाने झालं: नावं लिहून तहसीलदाराकडे द्यायची, जबाब होईपर्यंत कचेरीसमोरून हलायचं नाही, मुक्तीचा दाखला हातात पडला की गुन्हा नोंदवायला पोलीस ठाणं. मार खाल्ला, खोट्या केसेस झाल्या. १९९९ मध्ये पंडित दांपत्याला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. राजधानीपासून लोकलने गाठता येणाऱ्या तालुक्यात गुलामी होती याची दखल घ्यायला लंडन लागलं.

जमीनदाराचा वाडा आता तसा राहिलेला नाही, पण आगाऊ पैशाची रीत राहिली आहे. रायगड-पालघरच्या कातकऱ्यांना पावसाळ्यात, गणपतीच्या सुमाराला वीटभट्टीवाला बयाणा देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं, आठवड्याला खर्ची मिळते, जूनमध्ये हिशेब होतो आणि बाकी निघते ती बहुतेकदा कातकऱ्याकडेच. २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यात एका आदिवासी मजुराने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी त्याला राबवून घेतलं जात होतं, अशी तक्रार घरच्यांनी केली आणि १९७६ च्याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी पाड्यावरची मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात राबायला दिली गेल्याचं बाहेर आलं. आलं तेही त्यातली एक दहा वर्षांची मुलगी दगावल्यावर.

ऊसतोडीची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे माणसं लाखांत आहेत. बीड, जालना, नगरहून निघणारी टोळी मुकादमाकडून उचल घेते. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची उचल एक, हिशेब एक. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली चढते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जावं लागतं. हे वेठीचं कर्ज मानायचं का, यावर मतभेद आहेत. मजूर दरवर्षी घरी परततो, काही जण मुकादम बदलतात, काही उचल घेऊन येतच नाहीत, असं कारखान्यांची बाजू सांगते. १९८२ च्या निकालाचा निकष लावला तर कामाचा दर आणि तासांचा हिशेब मांडून बघावा लागेल, आणि तो मांडायची कुणाला घाई नाही.

घाई दुसऱ्या बाजूला दिसते. हंगामाच्या तोंडावर ऊसपट्ट्यातल्या पोलीस ठाण्यांत वाहतूकदारांच्या फिर्यादी येतात: उचल घेतली आणि टोळी आली नाही. गुन्हा फसवणुकीचा. सोबत नोटरीपुढे केलेला करार जोडलेला असतो, त्यावर रक्कम, कोयत्यांची संख्या आणि सह्या-अंगठे. १८५९ च्या दंडाधिकाऱ्यापुढे जायचा तो अर्ज जवळपास याच मजकुराचा असे. ती उचल वेठीची ठरली तर १९७६ च्या कलम ५ प्रमाणे हा करार निरर्थक आहे. ती तशी ठरते की नाही ही चौकशी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेने करायची, तर फिर्याद नोंदवून घ्यायची पोलिसांनी. कायद्याने या दोघांमध्ये दुवा म्हणून प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती सांगितली आहे, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्ते घ्यायचे, आणि मुक्त झालेल्या मजुरावर कर्जवसुलीचा दावा झाला तर त्याच्या वतीने तो लढवायचं कामही तिच्याकडेच सोपवलेलं आहे.